चिन्हांसकट

डोळ्यांत थेंब घालून बाहेरच्या बाकावर बसवलं की जग धुक्यात जातं. तिचं तसंच झालं होतं. डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद हातात होता, इंग्रजीत, बारीक टायपात. आणि बारीक टाइप तपासण्यावरच जिचं पोट, तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. शेजारी कुणीतरी बसलेलं होतं. चेहरा नव्हता... नुसता एक निळसर डाग, आणि ओल्या स्वेटरचा वास.

तिने कागद त्या डागापुढे धरला आणि जरा वाचून दाखवता का, असं विचारलं.

आवाज चांगला निघाला. खालच्या पट्टीतला, स्वच्छ. पण वाचणं म्हणजे ब्रेक नसलेली गाडी. कुठला थेंब सकाळी, कुठला झोपताना, काय लावायचं आणि काय टाळायचं, सगळं एका दमात.

"थांबत थांबत वाचा की," ती म्हणाली. "कॉमा नाहीत का त्यात?"

"आहेत. भरपूर आहेत."

"मग?"

"मला वाटलं, ते नुसते बघायचे असतात."

तिला हसू फुटलं. मग आपण हसलो हे लक्षात आलं, आणि ती एकदम गप्प झाली. दादा गेल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं. बाहेर हसायचीसुद्धा चोरी वाटायची.

आतून तिला हाक आली. ती परत आली तेव्हा बाक रिकामा होता.

ती एका मोठ्या छापखान्यात मुद्रितशोधक होती. तिथे इंग्रजी पुस्तकं छापली जात. कायदे, निवाडे, चौकशांचे अहवाल. हौसेने कुणी वाचत नाही, पण चूक मात्र चालत नाही, असं सगळं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एका टेबलाला दोघं अशा जोड्या बसायच्या. एक वाचक: तो मूळ प्रत मोठ्याने वाचणार. दुसरा शोधक: त्याची नजर छापलेल्या प्रुफावर, हातात लाल पेन. वाचकाने शब्द तर वाचायचेच, शिवाय प्रत्येक चिन्हही तोंडाने म्हणायचं. कॉमा, सेमीकोलन, कोलन, स्टॉप. मूळ प्रतीत एखादी ओळ खोडलेली असेल तर तिथे 'खोडलं' असं म्हणायचं. आणि हे सगळं सपाट आवाजात, वाण्याची यादी वाचल्यासारखं. वाचणारा अर्थात रमला की ऐकणाराही रमतो, आणि रमलेल्या डोळ्याला चूक दिसत नाही. खोलीच्या प्रमुख बाईंना सगळे हेडबाई म्हणत. नव्या माणसाला त्या एवढंच सांगत: अर्थ जिन्यात ठेवून यायचा, जाताना घेऊन जायचा.

तिच्या जुन्या वाचकाचा घसा बसला तो उठलाच नाही. त्याने काम सोडलं. त्याच्या जागी तात्पुरता म्हणून एकजण आला. त्याने नमस्कार म्हटलं आणि तिने झटकन मान वर केली.

"डोळे बरे झालेले दिसतात," तो म्हणाला.

"हो. तुम्हालाही आज चेहरा आलाय."

चेहरा तसा साधाच होता. नाक किंचित वाकडं, कान जरा जास्तच बाहेर. पण तो वाचायला लागला की ती कान, नाक सगळं विसरायची. थांबायला तो लवकर शिकला. अडचण वेगळीच होती. दिवसभर चिन्हांची नावं घ्यायचा आणि त्यांचं काम त्याला माहीत नव्हतं. सेमीकोलन म्हणजे कॉमाच्या डोक्यावर बसलेली माशी, असं तो म्हणायचा. वाचकाला हे ठाऊक असायची गरज नसते, ती म्हणाली. त्यावर त्याचं म्हणणं असं, की ज्याचं नाव इतक्या वेळा घेतो, त्याची ओळख नको का?

मग जेवणाच्या सुट्टीत रद्दी प्रुफांच्या मागच्या बाजूवर शिकवणी सुरू झाली. कॉमा वाक्याच्या आत श्वास घ्यायला, तिने सांगितलं. पण दोन पुरी इंग्रजी वाक्यं नुसत्या कॉमाने बांधायची नाहीत. ती गाठ कच्ची. तिथे सेमीकोलन लागतो.

"का पण?"

"दोन्ही वाक्यं आपापल्या पायांवर उभी असतात. एकमेकांवाचून त्यांचं काही अडत नाही. तरी त्यांना लांब बसवायचं नसतं."

"म्हणजे या टेबलासारखं," तो म्हणाला, आणि डबा उघडण्यात फार गुंतल्यासारखं त्याने दाखवलं.

कोलनचं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधीच्या वाक्याने काहीतरी कबूल केलेलं असतं. कोलन आला की ते द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी त्याने तपासायला म्हणून एक इंग्रजी वाक्य लिहून आणलं. मला एकच गोष्ट हवी आहे, कोलन, आणि पुढे कोरा कागद.

"हे अपुरं आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. पुढचं लिहायला... धीर होत नाही."

शंका आली की शोधक समासात जे लिहितात, तेच तिने लाल पेनाने लिहिलं: लेखकाला विचारावे. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. लेखक विचार करतोय, एवढं म्हणाला. दुपारभर तिची नजर प्रुफावर होती आणि कान भलतीकडेच. हेडबाई दोनदा टेबलाजवळून गेल्या.

तू... तुम्ही हसता आणि मध्येच थांबता, का? हे त्याने एकदा चहा पिताना विचारलं. आणि तिने सांगितलं. ज्यांना सगळं ठाऊक होतं त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. याला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून जमलं.

दादा एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. वाफेची मोठी नळी फुटली. दादा गेला, आणखी दोघं गेले. कारखान्याने सांगितलं की बॉयलरवरचा माणूस पाळीवर झोपला होता. भेटायला येणारे आईचा हात धरून म्हणायचे, झोपेतच गेला हो, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. आणि जिना उतरताना तेच लोक म्हणायचे, हा झोपला म्हणून ते दोघं गेले. एकाच गोष्टीने सांत्वनही करायचे आणि तिचाच डागही द्यायचे. आई त्यातल्या अर्ध्यावर तगून होती आणि उरलेल्या अर्ध्याने जळत होती. वहिनीला ते सोसेना. ती माहेरी गेली ती आलीच नाही. आई आता दुधालासुद्धा खाली उतरत नव्हती. बेल वाजली की दार बोटभर उघडायची.

तिचा चहा गार झाला होता. त्याने आपला गरम कप तिच्याकडे सरकवला आणि तिचा गार झालेला स्वतः प्यायला.

हिवाळा सरत आला तेव्हा हेडबाईंनी एका सकाळी खोलीचं दार लावून घेतलं. टेबलावर जाडजूड प्रत होती. रंगाच्या कारखान्यातल्या दुर्घटनेच्या चौकशीचा अहवाल. जाहीर होईपर्यंत यातला शब्द खोलीबाहेर जाता कामा नये, त्या म्हणाल्या. आणि यात कुणाचं नात्यातलं, घरातलं माणूस असेल तर आत्ताच सांगा. त्या जोडीला दुसरं काम देईन.

कुणी बोललं नाही. ती पेनाच्या टोपणाकडे बघत राहिली. शेजारी तो कागद सारखे करत होता. सारखेच असलेले कागद पुन्हा पुन्हा. तो तिच्याकडे बघत नव्हता, आणि ते मुद्दाम आहे हे तिला कळत होतं. त्याला सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात तो तिला त्या टेबलावरून उठवू शकला असता.

हेडबाई काम समजावत होत्या. जुळणी आधीच्या कच्च्या प्रतीवरून झाली आहे. नंतर चौकशीवाल्यांनी पक्क्या प्रतीत हिरव्या शाईने बरंच खोडलंय. तेव्हा प्रुफात अशी वाक्यं सापडतील जी आता अहवालात नाहीत, ती काढायची. सर्वांत कमी चुका सोडणारी जोडी म्हणून घटनेचं प्रकरण त्यांनी या दोघांना दिलं.

तो वाचू लागला. अहवालात मेलेल्यांना नावं नव्हती, क्रमांक होते. क्रमांक तीन म्हणजे बॉयलरवरचा माणूस. तिने ते कळल्याचं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. नळीचा व्यास, कॉमा, पत्र्याची जाडी, कॉमा, शेवटच्या दुरुस्तीची तारीख, स्टॉप. मध्येच खोडलं. पुन्हा खोडलं. ती ओळींवर लाल रेघ मारत गेली. पान उलटताना त्याचा आवाज किंचित बदलला. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता.

"...स्टॉप," तो म्हणाला, आणि पुढचा परिच्छेद सुरू केला.

तिच्या प्रुफावर त्या दोन्हींच्या मध्ये एक वाक्य होतं.

डोळा कानाच्या पुढे धावतो. तिने ते केव्हाच वाचलं होतं. हातातलं पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि तिथे एक लाल ठिपका पसरत गेला. तो 'खोडलं' म्हणाला नव्हता. वाक्य वाचलंही नव्हतं. म्हणजे एक तर ते खोडलेलं होतं आणि तो सांगायचा राहिला. नाही तर तिथे होतं आणि त्याने गाळलं होतं. मूळ प्रत फक्त त्याच्यापुढे होती. ती गप्प बसली असती तर वाक्य छापून गेलं असतं. पण ते खोडलेलं असेल, चौकशीलाच ते खरं वाटलं नसेल, तर तिच्या गप्प बसण्यावर दादाचं नाव किती दिवस टिकणार होतं? विचारायचं म्हणजे कदाचित आपल्याच हाताने त्यावर लाल रेघ मारायची.

"एक वाक्य राहिलं," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही.

"मूळ प्रतीत आहे, की खोडलंय?"

"पुढे जाऊ या ना..."

"खोडलंय का?"

"नाही," तो म्हणाला. "आहे."

"मग वाचा."

"तुमच्यासमोर छापलेलं आहे. तुम्ही वाचलंय ते. आता मी पुन्हा कशाला..."

"चिन्हांसकट वाचा."

त्याने वाचलं. इंग्रजीत, हळू, अगदी सपाट आवाजात. मराठीत ते असं होतं: मुख्य व्हॉल्व्ह निम्मा बंद केलेला सापडला, सेमीकोलन, त्यावरून आणि बाहेरून लावलेल्या दारावर आतून पडलेल्या पान्याच्या घावांवरून हे स्पष्ट होतं, कोलन, मृत क्रमांक तीन घटनेच्या वेळी जागा होता, कॉमा, आपलं काम करत होता, कॉमा, आणि त्यानंतरही काही काळ जिवंत होता, स्टॉप.

तिने प्रत्येक चिन्हावर पेनाचं टोक ठेवलं. एकही चूक नव्हती.

"वाचकाने ओळ गाळली?" मागून हेडबाईंचा आवाज आला. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक.

डोळा घसरला, तो म्हणाला. हेडबाईंनी त्याच्याकडे बघितलं. या खोलीत ओळ गाळणाऱ्याला दुसरी संधी नसते, हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, त्या म्हणाल्या. पान पुरं करा आणि खाली ऑफिसात जाऊन या. तात्पुरत्या माणसाला खाली पाठवतात ते कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो पान पुरं करायला वळला. तक्रार नाही, काही नाही.

तिने फक्त गप्प बसायचं होतं. पुढची पानं तिच्यासमोर होती. ते दार बाहेरून कुणी लावलं, ते त्यातच कुठेतरी असणार होतं. तिने पेनाला टोपण लावलं.

"त्यांचा डोळा घसरला नाही," ती म्हणाली. "क्रमांक तीन माझा भाऊ. त्यांना ते माहीत होतं."

आसपासच्या टेबलांवरचं वाचन एकेक करून थांबलं.

"मी विचारलं होतं," हेडबाई म्हणाल्या.

"हो."

"तेव्हा गप्प बसलीस."

"हो."

"दोघंही." त्यांनी प्रत आणि प्रुफं उचलली, दुसऱ्या जोडीला दिली आणि प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सांगितलं. त्याला उद्यापासून यायची गरज नव्हती. तिने तळमजल्यावर कॅटलॉगांच्या कामाला लागायचं होतं. ती दाराशी पोचली तेव्हा हेडबाई जवळून जाता जाता, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "ते वाक्य राहील. मी स्वतः बघते."

जिन्यात तो थांबला होता.

"का केलंस तू असं?" तिने विचारलं. आपण 'तू' म्हणालो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"त्यात 'काही काळ' होतं ना. 'जिवंत होता' ते. माझ्या तोंडून ते तुझ्या कानावर पडू नये, एवढंच वाटलं."

"आणि खोडलेलं आहे असं धरून मी ते काढून टाकलं असतं, म्हणजे?"

त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

"तो जागा होता, हे त्या एकाच वाक्यात आहे," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठे असेलसं वाटत नाही."

तो मटकन पायरीवर बसला. ती खूप चिडली होती, आणि तसं तिने त्याला सांगितलंही. त्याच्यासाठी हातातली पानं सोडली याचाही राग होता, तो तिने सांगितला नाही. मग ती त्याच्या शेजारी बसली, कारण त्या घटकेला ज्याच्या शेजारी बसता येईल असं दुसरं कुणी जगात नव्हतं.

अहवाल जाहीर व्हायला वेळ लागला. तोवर तोंड मिटून राहायचं होतं. घरी आई विचारायची, आज काय वाचलंस? पंख्यांचा कॅटलॉग, ती सांगायची, आणि ताटावर मान खाली घालायची. आईला दोन शब्दांत जे सांगता आलं असतं, ते रोज घशाशी येऊन परत जायचं. त्याला एका अंध वकिलांकडे कागदपत्रं वाचून दाखवायचं काम मिळालं होतं. संध्याकाळी दोघं कालव्याकाठच्या रस्त्याने चालायचे. धुकं असायचं, दिव्याखाली ते पिवळं व्हायचं. एकदा गारठ्याने तिची बोटं वळेनाशी झाली, तेव्हा त्याने तिचा हात धरून आपल्या कोटाच्या खिशात घातला आणि मग दोघंही असे चालू लागले, जणू खिशात काही ठेवलेलंच नाही.

आईला सगळंच सांगणार का, त्याने विचारलं. जागा होता एवढं पुरे नाही का? तिने मान हलवली. आजवर लोकांनी आईला अर्धंच दिलं होतं. आता आपणही अर्धंच द्यायचं?

"मग मी येतो बरोबर."

"आई विचारेल, हा कोण."

"काय सांगशील?"

"तेव्हाचं तेव्हा."

वर्तमानपत्रांत अहवालाच्या दोन ओळी आल्या, आतल्या पानावर. तिने छापखान्याच्या विक्रीच्या खिडकीवरून एक प्रत विकत घेतली आणि तिथेच उभं राहून पान उघडलं. वाक्य होतं. कॉमासुद्धा हलला नव्हता. दार कुणी लावलं, ते शेवटपर्यंत कुठेच नव्हतं.

आईने दार बोटभर उघडलं, तिला बघून आणखी थोडं, आणि त्याला बघून तिथेच थांबली.

"अहवाल आलाय. हे छापखान्यात माझ्या टेबलावर वाचायचे," ती म्हणाली. "दादाबद्दलचं यांनीच वाचलं."

आईने त्याला खुर्ची दिली, आणि आधी जसं लिहिलंय तसंच वाचा, असं सांगितलं. तिला इंग्रजीतला शब्द कळत नव्हता. त्याने पूर्ण वाक्य इंग्रजीत वाचलं. मग एकेक तुकडा मराठीत. व्हॉल्व्ह. घाव. जागा होता. काम करत होता. तिथे तो अडला.

"पुढे आहे ना काहीतरी?" आई म्हणाली. "मघाशी लांब होतं."

त्याने पुढचं सांगितलं.

आई गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. काही काळ म्हणजे किती, तिने विचारलं. ते लिहिलेलं नाही, तो म्हणाला, आणि लिहिलेलं नाही ते मी सांगणार नाही.

"म्हणजे कळलं त्याला."

"हो."

आईने उघड्या पानाकडे बघितलं.

"झोपला नव्हता."

"नाही. झोपला नव्हता."

आई आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ तसाच येत राहिला. ती आत जायला उठली, मग पुन्हा बसली. त्याने पुस्तक मिटलं आणि मांडीवर धरून ठेवलं. आई बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पदर भिजलेला होता. वहिनीला फोन लाव, म्हणाली, मी बोलते.

आईने वहिनीला आधी जागा होता हे सांगितलं आणि मग दुसरं. काही मागे ठेवलं नाही. पलीकडून रडण्याचा आवाज येऊ लागला. रडू दे तिला, म्हणत आईने फोन बंद न करता तसाच टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे वळली.

"हिच्याशी लग्न करायचं मनात आहे का?"

त्याचे कान लाल झाले. "आहे. पण अजून विचारलेलं नाही."

"का?"

"घरात हे असताना... कसं विचारणार?"

"घरात हे आता राहणारच आहे," आई म्हणाली. "जायची वाट बघाल तर दोघंही म्हातारे व्हाल. विचारून टाका."

तो तिच्याकडे वळला. पुस्तक मांडीवरून घसरलं ते त्याने कसंबसं पकडलं, आणि त्या खटपटीत निम्माच प्रश्न तोंडून निघाला. तिने उरलेल्या निम्म्याची वाट बघितली नाही.

टेबलावरच्या फोनमधून वहिनीचा भरून आलेला, चिरका आवाज आला. काय म्हणाली ती, असं ती विचारत होती.

आईने फोन कानाला लावला.

"हो म्हणाली," आई म्हणाली. "तू कधी येतेस, ते सांग."